टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग आणि ज्यू रब्बी: दहा फलकांत कोण घ्यावेत, सालं-नावं कशी लिहावीत?

चरई_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या वाचक गटाचं छोटं प्रदर्शन आहे. सनबोर्डचे १० फलक, प्रत्येकी २ बाय ३ फूट, आणि शेवटच्या दिवशी ४० मिनिटांचं बोलणं. विषय ठरलाय ज्यू रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आणि पंडित, पहिल्या शतकापासून पुढे. येणारे बहुतेक ठाण्याचेच. टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगवरून (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून) रोज जातात, पण तिथे कोणाचं वाचतात, कोणाचं मानतात याची कल्पना नाही.

कच्ची यादी अशी: रब्बी हिल्लेल, रब्बी अकिवा, यहुदा हानासी, सादिया गाओन, राशी, मायमोनिडीज, रामबाण, योसेफ कारो, बाल शेम तोव, विल्नाचे गाओन. दहा माणसं, दहा फलक. मांडून बघितलं तर शाळेच्या भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरी दिसतायत. जन्म, मृत्यू, ग्रंथ, संपलं. बघणारा तिसऱ्या फलकाला चहाकडे वळणार.

शिवाय नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी लिहिलेली सापडतात. एक ओळ हिब्रूत छापायची आहे, ती आमच्या फ्लेक्सवाल्याला जमेल का? आणि ‘ठाण्याचे पहिले रब्बी कोण’ हा प्रश्न नक्की येणार, त्याला काय उत्तर द्यायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पानमांडणी

यादी चुकीची नाही, पण दोऱ्याशिवाय मणी आहेत. दोरा तुमच्या गल्लीतच आहे. ठाण्याच्या सिनेगॉगचं नाव शाआर हाशामाईम, स्थापना १८७९. अर्थ स्वर्गाचं दार. हे नाव बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातल्या १७व्या वचनातून आलंय. याकोब बैर-शेबाहून हारानला निघालेला, वाटेत दिवस मावळतो, दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात शिडी दिसते, तिच्यावरून देवदूत चढतायत, उतरतायत. जाग आल्यावर घाबरून म्हणतो: हे दुसरं काही नाही, देवाचं घर आहे, आणि हे स्वर्गाचं दार. वचनाचा पहिला अर्धा, ‘बेथ एलोहीम’, तो पेणच्या सिनेगॉगचं नाव (१८६३). दुसरा अर्धा ठाण्याचा. पुढे दोनच वचनांनंतर याकोब त्या जागेला बेथेल म्हणतो, ते पनवेलच्या सिनेगॉगचं नाव (बेथ एल, १८४९). एका स्वप्नातून आपल्या पट्ट्यातल्या तीन वास्तूंची नावं निघाली, एवढं सांगितलं की लोक पहिल्या फलकापाशी थांबतात.

आता हेच वचन मधे ठेवा आणि प्रत्येक शतकातला पंडित त्याच्याशी काय करतो ते दाखवा. रचना तलमूदच्या (रब्बींच्या धर्मचर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या) पानासारखी करा, मधे वचन आणि भोवती टीकाकार. आपल्याला हे नवं नाही. सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पण ही उतरंड आपल्याकडे शास्त्रीपंडितांनी शतकानुशतकं चढवलेलीच आहे.

सुरुवात इ.स. ७० पासून करा. रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, बळी देणं थांबलं, आणि योहानान बेन झक्काई यांनी याव्ने गावात अभ्यासाची गादी चालू ठेवली. मंदिर नाही तर धर्म कशावर उभा राहणार? प्रार्थनेवर आणि अभ्यासावर. म्हणून तलमूदमध्ये प्रश्न येतो की दिवसातल्या तीन प्रार्थना आल्या कुठून. ब्राखोत २६ब वर, म्हणजे तलमूदच्या ब्राखोत या भागातल्या २६व्या पानाच्या मागच्या बाजूला, दोन मतं शेजारी शेजारी आहेत. रब्बी योसे बेन हानिना म्हणतात की त्या पूर्वजांनी घालून दिल्या: सकाळची अब्राहामाने, दुपारची इसहाकाने, रात्रीची याकोबाने, आणि याकोबाची म्हणजे याच प्रवासातली, दिवस मावळल्यावरची. रब्बी यहोशुआ बेन लेवी म्हणतात, छे, त्या मंदिरातल्या रोजच्या बळींच्या जागी आल्या. दोन्ही मतं पानावर तशीच ठेवली आहेत. तलमूद कळायचा असेल तर हा एक नमुना पुरेसा आहे.

मग हुल्लीन ९१ब. इथे तर गंमतच आहे. शिडी किती रुंद? ८,००० पार्सा. हिशोब असा: ‘चढणारे’ अनेकवचन म्हणजे किमान २, ‘उतरणारे’ म्हणजे किमान २, मधे गाठ पडली की ४. प्रत्येक देवदूताची रुंदी २,००० पार्सा, ती दानिएलाच्या एका वचनातल्या ‘तार्शीश’ या शब्दावरून काढलेली. ४ गुणिले २,०००. एक पार्सा साधारण ४ किलोमीटरचा, म्हणजे बत्तीस हजार किलोमीटरची रुंदी! ही थट्टा समजून सोडू नका. पवित्र ग्रंथात अनेकवचन उगाच येत नाही, ही त्यांची वाचनाची शिस्त आहे. त्याच पानावर दगडांचंही आहे: ११व्या वचनात याकोब ‘दगड’ अनेकवचनात घेतो, १८व्यात ‘दगड’ एकवचनात उचलतो. मधे काय झालं? दगड आपसांत भांडले, सत्पुरुषाचं डोकं माझ्यावर टेकू दे म्हणून, आणि सगळे मिळून एक झाले. मराठीत दोन्हीकडे ‘दगड’च होतं, त्यामुळे फलकावर ‘अनेक’ आणि ‘एक’ असं स्पष्ट लिहावं लागेल, नाहीतर गोष्टीची गंमत जाते.

उत्पत्तीवरच्या जुन्या मिद्राशमध्ये (रब्बींच्या कथारूप टीकेत) शिडी म्हणजे सिनाय पर्वत, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो आणि दोन्ही शब्दांची बेरीज सारखी. सुल्लाम, म्हणजे शिडी: सामेख ६०, लामेद ३०, मेम ४०, एकूण १३०. सिनाय: सामेख ६०, योद १०, नून ५०, योद १०, तेही १३०. हा फलक मुलांसाठी ठेवा, पाटीवर बेरीज करून घ्या.

त्यानंतर राशी, म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी, फ्रान्समधलं त्र्वा गाव, १०४० ते ११०५. ‘स्वर्गाचं दार’ यावर त्यांचं स्पष्टीकरण एका ओळीचं: प्रार्थनेची जागा, इथून प्रार्थना वर चढतात. बस. ठाण्याच्या फलकावर हीच ओळ मोठी घ्या. राशी असेच आहेत, वाचणारा जिथे अडेल तिथे नेमका एक शब्द ठेवतात. हिब्रू शब्द अडला तर आपल्या बोलीतला, जुन्या फ्रेंचमधला शब्द हिब्रू लिपीत लिहून देतात, आणि असे शब्द हजारांहून जास्त आहेत. म्हणून जुन्या फ्रेंच भाषेचे अभ्यासकही राशी वाचतात. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात विज्ञानेश्वर मिताक्षरा लिहीत होते तो जवळपास हाच काळ. दोन टीकाकार, एकमेकांचा पत्ता नाही, काम तेच. हा तुलनेचा फलक मला तरी मोहात पाडतो, पण दहांत बसत नसेल तर बोलताना सांगा.

राम्बाम, म्हणजे तुमच्या यादीतले मायमोनिडीज, मोशे बेन मायमोन (मृत्यू १२०४), शिडीकडे वैद्याच्या आणि तत्त्वज्ञाच्या नजरेने बघतात. त्यांच्या ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हे स्वप्न रूपक म्हणून घेतलंय आणि त्याचे सात तुकडे पाडलेत. इथला प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे पहिल्या भागाच्या १५व्या प्रकरणात चढणारे-उतरणारे दूत म्हणजे संदेष्टे असा अर्थ लावलाय. आधी ‘चढणारे’, मग ‘उतरणारे’ हा क्रम मुद्दाम आहे: आधी वर जाऊन ज्ञान मिळवायचं, मग खाली येऊन लोकांना शिकवायचं. हा ग्रंथ अरबी भाषेत, पण हिब्रू अक्षरांत लिहिलाय, साधारण ११९० साली.

त्यांच्या आधी आब्राहाम इब्न एज्रा यांनी ११व्या शतकातल्या स्पेनच्या कवी-तत्त्वज्ञ इब्न गाबिरोलचं मत नोंदवलंय की शिडी म्हणजे वरचा आत्मा. दोन ओळींत उरका.

शेवटी राम्बान, मोशे बेन नाखमान, गिरोनाचे, ११९४ ते १२७०. शिडीचा पाय कुठे आणि डोकं कुठे, यावर राशींनी जुळवलेला भूगोल त्यांना पटत नाही आणि याच १७व्या वचनावर ते लांबलचक वाद घालतात. शिडीची टोकं राशींच्या मते बैर-शेबा आणि बेथेल, मध्य यरुशलेमवर. राम्बान १२६३ मध्ये बार्सिलोनात राजासमोर ख्रिस्ती पंडितांशी जाहीर वादविवादाला उभे राहिले आणि १२६७ मध्ये उतारवयात यरुशलेमला पोचले.

पनवेल_जुना_नाका

वरची कल्पना उत्तम, फक्त ‘ठाण्याचे पहिले रब्बी’ या प्रश्नाचं उत्तर त्यात राहिलं. उत्तर असं की कोकणातल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, रब्बींची परंपराच नव्हती. फलकावर हे उणेपणा म्हणून लिहू नका, विषयाचा गाभा इथेच आहे.

प्रार्थना चालवणारा तो हज्जान. लग्न, सुंता, तंटे यासाठी गावात काजी आणि मुकादम. नाव अरबीतून आलं म्हणून काजी म्हणजे मुसलमान असा समज लोक करून घेतात, ते खोडून काढा. परंपरा सांगते की दाविद राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ आपलेच का हे बघायला बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली, आणि त्यांनी पर आणि खवलं दोन्ही असलेलेच मासे वेगळे काढून रांधले. नियम बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायातला. आजच्या पाटीत लावून बघा: रावस, पापलेट चालेल, कोळंबी, खेकडा, शिंगाळा बाद. मग त्याने तीन तरुण शिकवून काजी केले, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतले. राहाबीचा काळ कोणी हजार वर्षांपूर्वीचा धरतात, कोणी १८व्या शतकातला कोचीनचा दाविद एझेकिएल राहाबी. फलकावर एकच साल ठोकू नका, ‘परंपरेनुसार’ लिहा.

रब्बी नसताना काय टिकलं याची यादी बोलकी आहे. शब्बाथ (शनिवारचा विसावा), आठव्या दिवसाची सुंता, खाण्याचे नियम, आणि प्रत्येक प्रसंगी म्हटली जाणारी शेमा, म्हणजे देव एकच अशी ग्वाही देणारी प्रार्थना. सणांना मराठी नावं होती: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, अनशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा सण. दारफाळणीचा म्हणजे योम किप्पूर, दारं लावून घरात बसायचा दिवस. हनुक्का हा दिव्यांचा सण मात्र जुन्या सणांत नाही. मंदिर पडल्यानंतर पंडितांनी घडवलेला तलमूद इथे पोचलाच नव्हता.

राम्बामच्या एका पत्रात नेमकं हेच येतं. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना लिहिलं की भारतातल्या ज्यूंना शब्बाथ आणि सुंता यापलीकडे धर्मशास्त्र ठाऊक नाही. पत्रात ‘भारत’ एवढंच आहे, कोकण नाही, तेव्हा ‘मायमोनिडीजने ठाण्याच्या ज्यूंबद्दल लिहिलं’ असं फलकावर आणू नका. तो मोह सगळ्यांना होतो. खरा धागा हवा असेल तर त्यांचा धाकटा भाऊ दाविद घ्या. जवाहिराचा व्यापार करायचा, भारताकडे येताना समुद्रात बुडाला. राम्बामने नंतर एका पत्रात लिहिलंय की त्या बातमीनंतर सुमारे वर्षभर आपण अंथरुणाला खिळून होतो. वैद्यकी हे पोटापाण्याचं साधन झालं ते त्यानंतर.

पुढची कडी शिक्षकांची. मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये शाआर हाराहामीम बांधलं. त्यालाही लोक मशीदच म्हणत, मस्जिद स्टेशनच्या नावामागे तीच मशीद सांगतात. १८२६ मध्ये कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबी आले, त्यांनी कोकणात हिब्रू वाचन आणि प्रार्थना शिकवल्या. १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं. हेतू धर्मांतराचा. झालं उलटं, लोक हिब्रू शिकले आणि आपल्याच सिनेगॉगात जास्त चांगलं वाचू लागले.

तुमच्या फलकावर जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४ ते १९०५) हवेतच. मुंबईत सॅसून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक, आणि प्रार्थनापुस्तकं मराठीत आणणारे. त्यांच्या शेजारी पुण्यात १८७४ मध्ये छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. तिच्या चित्रात साडी नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरीचं पीठ मळतायत, लाटतायत, भाजतायत. बाकी सगळं चित्रकाम युरोपी वळणाचं, बायका आपल्याकडच्या. विल्नाच्या गाओनपेक्षा ठाणेकर या चित्रापाशी जास्त वेळ थांबेल, पैज.

जुळारी_खिळे

हिब्रू छपाईचं बोलतो, कारण घोटाळा हमखास तिथेच होतो.

ओळ छापाल ती पूर्ण वचनाची नको. ‘वेझे शाआर हाशामाईम’, आणि हे स्वर्गाचं दार, एवढे तीनच शब्द घ्या. कारण पहिल्या अर्ध्या भागात देवाचं नाम आहे. ज्या कागदावर देवाचं नाम छापलं तो कचऱ्यात टाकत नाहीत, गेनिझात (जुन्या पोथ्या साठवायच्या जागी) ठेवतात आणि नंतर पुरतात. प्रदर्शन संपल्यावर सनबोर्ड भंगारात जाणार. ठाण्याच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या भागात नाम नाही, तेव्हा प्रश्न मिटतो.

हिब्रू उजवीकडून डावीकडे. जुनं मांडणीचं सॉफ्टवेअर डकवलेली ओळ उलटी करतं आणि देवनागरी वाचणाऱ्याला काही कळत नाही. ओळखायची खूण: ‘हाशामाईम’मध्ये दोन मेम आहेत. मधला मेम खालून उघडा, शेवटचा मेम बंद चौकोन. बंद चौकोन ओळीच्या डाव्या टोकाला दिसला पाहिजे. उजव्या टोकाला दिसला तर ओळ उलटली. तीन दातांचा शिन ‘शाआर’ची सुरुवात करतो, त्याच्या डावीकडे आयिन, मग रेश. हे तपासल्यावरच अक्षरांचं रेखांकन करून फाईल द्या, म्हणजे छापखान्यात फाँट बदलला तरी अक्षरं हलणार नाहीत. स्वरचिन्हं टाळा. फाँट साधा असेल तर टिंबं अक्षराखालून सरकतात आणि चुकीच्या अक्षराखाली जाऊन बसतात. आणि हिब्रूला शिरोरेषा नाही, वर-खाली मात्रा नाहीत, त्यामुळे देवनागरीच्याच मापात ठेवलं तर बारकं दिसतं. थोडं मोठं घ्या.

टीकेला ‘राशी लिपी’ म्हणतात म्हणून फलकावर ‘राशींचं हस्ताक्षर’ लिहू नका. ती स्पेनकडच्या घसट्या अक्षरावरून पाडलेली खिळ्यांची जात आहे. १४७५ मध्ये इटलीत रेज्जो दी कालाब्रियाला राशींची तोरावरची (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरची) टीका तशा अक्षरात छापली, आणि ते वळण टीकेसाठी रूढ झालं. राशी त्याआधी ३७० वर्षं गेले.

चित्रांचंही तसंच. राम्बामचं फेटा घातलेलं चित्र सगळीकडे दिसतं, ते १८व्या शतकातल्या पुस्तकातलं. राशींचं खरं चित्र नाहीच. चेहऱ्यांऐवजी पानं छापा.

नावं. बऱ्याच यहुदी पंडितांची नावं आद्याक्षरांवरून, आणि देवनागरीत ती मस्त बसतात. र-म-ब-म: रब्बी, मोशे, बेन, मायमोन. र-म-ब-न: रब्बी, मोशे, बेन, नाखमान. एका अक्षराचा फरक आणि माणूस बदलतो. तुमच्या यादीत सातव्या क्रमांकावर ‘रामबाण’ आलंय, ते मोबाईलने केलंय हे उघड आहे. ‘राम्बान’ असा जोडाक्षरी शब्द लिहा आणि छापायला देण्याआधी सगळ्या फाईलमध्ये ‘बाण’ शोधा.

हिल्लेलच्या नावामागचं ‘रब्बी’ काढा. त्यांच्या आणि शम्माईंच्या काळात ही पदवी नव्हती, नुसतं हिल्लेल. प्रमुखांना पुढे ‘राब्बान’. बाबिलोनच्या पंडितांना ‘राव’, कारण रीतसर दीक्षा इस्रायलच्या भूमीतच मिळायची. मराठी माणसाला ‘राव’ लगेच लक्षात राहील, हा फुकटचा फायदा.

कलम_१४

पानमांडणी यांची एक दुरुस्ती. त्यांनी दोन पानं एक केली. मधे तोराचं वचन आणि भोवती राशी, इब्न एज्रा, राम्बान हे टीकांसहित बायबलचं पान, व्हेनिसच्या दानिएल बॉम्बर्गच्या छापखान्यातून १५१७ आणि १५२५ च्या सुमारास आलेलं. तलमूदच्या पानावर मधे मिश्ना (मूळ नियमसंग्रह) आणि गेमारा (त्यावरची चर्चा), बांधणीच्या बाजूला राशी, बाहेरच्या बाजूला तोसाफोत ही नंतरची टिप्पणं. तोसाफोत लिहिणाऱ्यांत राशींचे नातू आहेत आणि ते आजोबांच्या चुका काढतात, अगदी शेजारच्या रकान्यात. इब्न एज्रा, राम्बान त्या पानाच्या भोवती नसतात. फलकावर एक मांडणी निवडा. तुमच्या कामाला पहिलीच योग्य.

तलमूदचा पूर्ण संच प्रथम छापला तोही बॉम्बर्गनेच, १५२० ते १५२३, आणि तो स्वतः ख्रिस्ती. पानांचे आकडे तेव्हाचेच आजही चालतात, म्हणून ‘हुल्लीन ९१ब’ म्हटलं की जगात कुठेही तेच पान उघडतं. प्रत्येक भाग २ऱ्या पानापासून सुरू होतो, पहिलं पान मुखपृष्ठाचं. ‘पान हरवलंय’ अशी तक्रार येते ती यामुळे. एकूण २,७११ पानं. रोज एक पान वाचायची रीत १९२३ पासून, फेरी साडेसात वर्षांची. चालू फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली.

आता खरी कुरकुर. तुमची सगळी मांडणी स्वप्न आणि शिडीवर चाललीय. रब्बींचं निम्मं काम कायद्याचं होतं. यहुदा हानासींनी साधारण २०० साली मिश्ना बांधली: ६ विभाग, ६३ प्रकरणग्रंथ. शेती, सण, स्त्रिया, नुकसानभरपाई, मंदिर, शुचिता. त्यावरची चर्चा म्हणजे गेमारा. बाबिलोनचा तलमूद साधारण ५०० पर्यंत आकाराला आला. चर्चा अफाट, निकाल लवकर सापडत नाही. म्हणून राम्बामने मिश्ने तोरा १४ पुस्तकांत रचला. १४ म्हणजे योद १० अधिक दालेत ४, ‘याद’, हात. म्हणून त्याला ‘बलवान हात’ असंही नाव. आधार कुठला ते मात्र लिहिलं नाही. पोस्कियेरच्या आब्राहाम बेन दाविद यांनी तिथेच पकडलं: तू म्हणतोस म्हणून का मानू?

योसेफ कारो यांनी यातून वाट काढली. जन्म १४८८, स्पेनमधून ज्यूंना १४९२ ला हाकललं तेव्हा चार वर्षांचे, शेवटी इस्रायलच्या भूमीतलं साफेद. त्यांनी तीन जुने आधार घेतले, अल्फासी, राम्बाम आणि रोश. तिघांपैकी दोघं एका बाजूला असतील तर निकाल तिकडे. इतकं साधं. शुल्हान आरुख, म्हणजे मांडलेलं टेबल, १५६५ मध्ये व्हेनिसला छापलं. क्राकोवच्या मोशे इस्सेर्लेस यांनी पोलंड-जर्मनीकडचे रिवाज जोडून त्यावर ‘टेबलक्लॉथ’ अंथरला, ग्रंथाचं नावच तसं आहे. दोघं मिळून आजही एकाच पानावर छापतात, कारोंचं ठळक, इस्सेर्लेसचं मधे बारीक.

हे ठाण्याला कशाला? शुल्हान आरुखच्या चार भागांपैकी एब्हेन हाएझेर हा लग्न-घटस्फोटाचा. बेने इस्रायल इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने हाच भाग पुढे केला: शेकडो वर्षं रब्बी नव्हते, म्हणजे रीतसर घटस्फोटपत्र कोण देत होतं? मग पुढच्या लग्नांचं काय? १९६२ मध्ये त्यांच्या लग्नाआधी आईकडची वंशावळ तपासायचा हुकूम निघाला. यरुशलेममध्ये धरणं धरलं गेलं, १९६४ मध्ये सरकार आणि संसद मधे पडली, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर झालं आणि हुकमातला त्यांचा नामोल्लेख गेला. ‘रब्बी नव्हते’ याची किंमत शेवटी अलिबाग-पेणहून गेलेल्या माणसांनी मोजली. बाल शेम तोवचा फलक काढा, हा लावा.

चरई_वाचक

मंडळी, फार आभार. बाल शेम तोव आणि विल्नाचे गाओन बोलण्यात दोन वाक्यांत घेते, फलक १८७४ च्या हग्गादेला आणि १९६४ ला. शेवटचं एक विचारते: पहिल्या फलकावर ठाण्याचं १८७९ हे साल हिब्रू सालातही द्यायचं आहे. एका ठिकाणी ५६३९ दिसतं, एका ठिकाणी ५६४०. कबरींवरची सालं वाचायलाही हेच लागेल ना?

जुळारी_खिळे

दोन्ही बरोबर. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. ५६४० सुरू झालं सप्टेंबर १८७९ मध्ये. त्याआधीचे महिने ५६३९ चे. महिना पक्का माहीत नसेल तर ‘५६३९/४०’ असं तिरकी रेघ देऊन छापा.

कबरींवर हजार बहुधा गाळलेले असतात. ताव-रेश-मेम असेल तर ४०० + २०० + ४० = ६४०. त्यात १२४० मिळवा: १८८०. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर बहुधा एक वर्ष वजा. १५ आणि १६ हे आकडे १०+५, १०+६ असे लिहीत नाहीत, कारण त्यातून देवाच्या नामाची अक्षरं होतात. ९+६ आणि ९+७ लिहितात. झिजलेल्या दगडावर फसवणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत: हे (५) आणि हेत (८), दालेत (४) आणि रेश (२००), बेत (२) आणि काफ (२०). हे-हेतमध्ये डाव्या पायाच्या वर फट आहे का एवढाच फरक. उजेड आडवा पडेल अशी सकाळची नाहीतर संध्याकाळची वेळ धरा, दगडावर खडू-पावडर घासू नका. दगडावर मराठी मजकूर असेल तर इंग्रजी तारखेशी ताडा. एका दिवसाचा फरक निघाला तर ती चूक नाही, दिवस सूर्यास्ताला बदलतो. आणि शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी सिनेगॉगात फोटो काढणं, लिहिणं दोन्ही चालत नाही. बाकीच्या दिवशीही आधी विश्वस्तांची परवानगी आणि ओळखपत्र लागतं.